पासिंगपुरते टायर

आधीच सांगते, शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली. ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे ते मला आजही कळत नाही. कागदावर लिहिण्यापेक्षा काचेवर रेडियमची अक्षरं चिकटवायची सवय जास्त, म्हणून माफ करा. हे बहुतेक कोणी वाचणार नाही. वाचलंच तर समजावं इतकं नीट लिहायचा प्रयत्न करते. चारचौघांत मला बोलता येत नाही. पण राग तर येतोच, आणि तो कुठेतरी ठेवावा लागतो.

रफिकभाई धापा टाकत माझ्या टपरीशी आला, तिथून सुरुवात करते.

"कमलताई, ती पिवळी व्हॅन कुठंय? शाळेची. सकाळी पास झाली ती."

"ती गेली."

"गेली म्हणजे? कुठे गेली?"

"जळगावला. माझीच बहीण घेऊन गेली. इथेच गेटसमोर नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. तुमच्यासाठी पेढा ठेवलाय."

"पेढा राहू द्या हो ताई! माझे चार टायर गेले ना तिच्यावर!"

माझ्या हातात कातर होती. ती तशीच राहिली.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. धुळ्याला गाड्यांच्या पासिंगचं मैदान आहे, त्याच्या गेटाबाहेर माझी टपरी आहे. आम्ही ज्याला रेडियम म्हणतो ती चमकणारी पट्टी मी गाड्यांना लावते. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. रात्री दुसऱ्या गाडीचा उजेड पडला की ती चमकते. पट्टी नसली तर गाडी पास होत नाही. नंबर, शाळेचं नाव, काचेवर 'आईचा आशीर्वाद', हे सगळं मी कातरीने कापून देते. आधी नवरा हे काम करायचा. त्याच्या हाताला कंप सुटला तेव्हापासून मी करते.

पासिंग म्हणजे सरकारी तपासणी. गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे की नाही, ते साहेब बघतात. टायर, ब्रेक, लाइट, हॉर्न, आग विझवायची बाटली, सगळं. ही तपासणी किती वर्षांनी करायची हे लोकांना माहीत नसतं आणि गाड्या विकणारे त्याचाच फायदा घेतात. घरच्या वापराची गाडी असेल तर पहिली पंधरा वर्षं बघावं लागत नाही. त्यानंतर तपासून पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. पण भाड्याची गाडी, म्हणजे पिवळ्या पाटीची, तिचं वेगळं. रिक्षा, टेम्पो, शाळेची व्हॅन, या सगळ्या त्यात आल्या. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग आणि आठ वर्षं उलटली की दरवर्षी. म्हातारं माणूस जसं डॉक्टरकडे जास्त वेळा जातं, तसंच.

माझी धाकटी बहीण सुनंदा जळगावला मेहरूणमध्ये राहते. तिने गाडी चालवायला शिकून लायसन काढलं. गल्लीतल्या आयांनी तिला सांगितलं, तू व्हॅन आण, आमची पोरं तुझ्याच गाडीत पाठवू. बाईमाणूस गाडीवर असली की आयांच्या जिवाला बरं वाटतं. सुनंदाने गळ्यातली पोत मोडली, बचत गटातून कर्ज काढलं आणि मला फोन केला. "अक्का, तुनी वळखना कोनी शे का?" आम्ही घरी अहिराणीच बोलतो. तुझ्या ओळखीचं कोणी आहे का, असं ती विचारत होती.

माझ्या ओळखीचा विलासभाऊ होता. जुन्या गाड्या घेतो आणि विकतो. हायवेला त्याचं यार्ड आहे. त्याच्या गाड्यांना रेडियम मीच लावायची. येता-जाता "कमलताई म्हणजे माझी बहीण" असं सगळ्यांसमोर म्हणायचा. सुनंदाला त्याने नऊ वर्षांची व्हॅन दाखवली. किंमत एक लाख साठ हजार. पासिंग करून देतो म्हणाला आणि सगळे पैसे आधी घेतले. वर म्हणाला, "एकदा पास झाली की दोन वर्षं या मैदानाचं तोंड बघायचं काम नाही."

ते मी ऐकलं असतं तर तिथेच टोकलं असतं. पण हे तो सुनंदाशी यार्डात बोलला होता. माझ्यासमोर फक्त गाडी आली, पासिंगच्या दिवशी. मी तिला फुकट रेडियम लावलं, चारी बाजूंनी. टायर पाहिले. खोल नक्षीचे, काळे कुळकुळीत. फोनवर सुनंदाला म्हटलं, टायर तर नवे घातलेत गं त्याने. चांगला माणूस आहे.

आता ते चार टायर रफिकभाईचे निघाले.

"भाड्याचे आहेत ताई," रफिकभाई म्हणाला. "पासिंगपुरते. सकाळी चढवतो, पास झाली की माझ्या शेडमधे येते गाडी, टायर उतरवतो, तिचे जुने चढवतो. विलासभाऊ दोंडाईच्याला गाडी बघायला गेलेत. त्यांच्या माणसाला कल्पना नव्हती, त्याने चावी देऊन टाकली. मैं तो जेवायला बसलो होतो."

मैदानाबाहेर काहीजण असं करतात हे मला माहीत होतं. टायर भाड्याने, आगीची बाटली भाड्याने, औषधाची पेटीसुद्धा. साहेबांच्या समोर जे येतं ते साहेब तपासतात. त्या दिवशी त्यांच्यासमोर चांगले टायर आले, त्यांनी पास केली. त्यात त्यांची चूक नाही. पण विलासभाऊ हे करतो, आणि माझ्या बहिणीच्या गाडीला करतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"तिचे जुने टायर कुठे आहेत?" मी विचारलं.

"शेडमधे."

मी टपरी तशीच टाकून त्याच्या शेडमध्ये गेले. भिंतीला चार टायर टेकवून ठेवले होते. गोटा झालेले. नक्षी पूर्ण घासून गुळगुळीत झालेल्या टायरला आम्ही गोटा म्हणतो. दोघांच्या कडेला आतली तार दिसत होती. एकाच्या पोटाला मुठीएवढा फुगा आला होता. असा फुगा कधी फुटेल ते कोणी सांगू शकत नाही. घराच्या अंगणात फुटेल, नाहीतर ट्रकांच्या मधे हायवेवर.

या टायरांवर माझी बहीण गल्लीतली पोरं शाळेत सोडणार होती.

मी विलासभाऊला फोन लावला. 

"भाऊ, सुनंदाच्या गाडीचे टायर भाड्याचे होते?"

तो हसला. हसला बरं का. "अहो कमलताई, टायर म्हणजे घासायचीच वस्तू. चप्पल घासते तसा. जुन्या गाडीला नवे टायर कोण देतं? उद्या तिला सांगा, रफिकचे टायर परत आणून दे, आपले घेऊन जा."

"आपले म्हणजे ते गोटे?"

"हळूहळू बदलेल ना ती. धंदा सुरू झाला की."

"पोरं बसणार आहेत भाऊ त्या गाडीत."

"धंद्यात असं चालतंच, ताई."

"आणि दोन वर्षं पासिंगला यायचं काम नाही असं तिला का सांगितलं? गाडी नऊ वर्षांची आहे. एकाच वर्षाची मुदत मिळते."

हे मला सुनंदाच्या आनंदातून कळलं होतं. पेढा देताना तीच म्हणाली होती, दोन वर्षं सुटले. तेव्हा वाटलं, तिची ऐकण्यात चूक झाली असेल. नंतर सांगू.

विलासभाऊ म्हणाला, "गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून चार शब्द बोलावे लागतात. आणि ताई, एक लक्षात ठेवा. तुमच्या टपरीवर रोज माझ्या गाड्या येतात." फोन ठेवला त्याने.

सुनंदाचा फोन लागला तो संध्याकाळीच. ती घरी न थांबता सरळ मुक्ताईनगरला गेली होती. नवी गाडी घेतली की आधी मुक्ताईचं दर्शन, असं तिने ठरवून ठेवलं होतं. नवरा शेजारी होता. त्याला गाडी येत नाही, तो नुसता शेजारी बसून पाय दाबत राहतो, ब्रेक लावल्यासारखा.

"अक्का, दर्शन व्हयनं! गाडी लोण्यासारखी चालस!"

तिला सांगताना माझ्या जिवावर आलं. पण सांगितलं. सगळं सांगितलं. पलीकडे देवळाची घंटा वाजत होती. मग ती म्हणाली, "त्यानी माय आंधळी व्हयनी का? बहीण म्हणतो ना तुले तो?" राग आला की आमच्याकडे असं आईवरून बोलतात.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. आमच्या दोघींत जीभ तिला मिळाली आणि गप्प बसणं मला.

"टायर मी परत देणार नाही," ती म्हणाली.

"ते विलासचे नाहीत गं. रफिकभाईचे आहेत."

"मग रफिकभाई काय सोवळ्यातला आहे?"

तेही खरं होतं. रफिकभाईचाही मला रागच आला होता. पण दुसऱ्याची वस्तू ठेवून घेतली की आपणही त्याच रांगेत जाऊन बसतो. ती दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येते म्हणाली. गाडी परत द्यायची आणि पैसे परत घ्यायचे, असं तिनेच ठरवलं. ज्या माणसाने टायरचं असं केलं त्याने आत इंजिनचं काय केलं असेल, असा तिचा प्रश्न होता.

ती सकाळी आली. रफिकभाई आधीच जॅक घेऊन तयार. "आणा ताई गाडी शेडमधे, काढून घेतो."

मी म्हटलं, "शेडमधे नाही. इथे काढा. गेटासमोर, लिंबाखाली."

"इथे? सगळे बघतील ना."

"बघू द्या."

"कमलताई, मेरी इज्जत जाएगी. माझंही पोट आहे."

"तुम्हाला टायर पाहिजेत ना?" मी हळूच म्हटलं. मला मोठ्याने बोलता येत नाही, पण त्या दिवशी हळू बोललेलंही लागत असावं. त्याने जॅक खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि कडुनिंबाच्या झाडाखाली गाडी उचलली. एकेक टायर उतरवला, गोटे चढवले. काढलेले चांगले टायर झाडाला टेकवले.

मी खाली बसले आणि कामाला लागले. लाल रेडियम काढलं. ज्या टायरला फुगा होता त्या फुग्यावर गोल लाल तुकडा चिकटवला. जिथे तार दिसत होती तिथे लाल पट्टी. मग मागच्या काचेसाठी अक्षरं कापली, मोठी, वीतभर. शुद्धलेखनाची भीती वाटली, पण थांबले नाही. काचेवर लिहिलं:

काल पास. टायर भाड्याचे. खरे खाली बघा.

पासिंगच्या दिवशी गेटावर गर्दी असते. ट्रकवाले, रिक्षावाले, एजंट. लोक काच वाचायचे, मग खाली वाकायचे.

"मावशी, हे टायर शे का टरबूज?" एका ट्रकवाल्याने विचारलं.

"अरे, याच्यावर पापड लाटता येतील," रिक्षावाला म्हणाला.

"कोनी गाडी शे?"

सुनंदा दारात उभी होती. "विलासभाऊनी इकेल शे," ती सगळ्यांना सांगायची. विलासभाऊने विकलेली आहे. मी मान वर केली नाही. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि कोणतं जास्त ते कळत नव्हतं.

विलासभाऊ आला तो दोन गिऱ्हाइकं घेऊन. शिंदखेड्याकडचे बाप-लेक होते. त्याची एक जीप आणि एक टेम्पो त्या दिवशी पासिंगच्या रांगेत उभे होते. त्याने काच वाचली. तोंड लाल झालं, पण आवाज गोडच ठेवला.

"काय ताई हा पोरखेळ? काढा ते."

मी पट्टीची कड अंगठ्याने दाबत राहिले.

"कमलताई, मी तुमच्याशी बोलतोय."

"पैसे," मी म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून.

मग तो तुम्हीवरून तूवर आला. "तू काय समजतेस स्वतःला? उद्यापासून माझी एक गाडी तुझ्या टपरीवर आली तर बघ. दोन पट्ट्या चिकटवणारी बाई!"

सुनंदा मधे आली. "बठ्ठा पैसा दे, मंग गाडी ली जाय." आधी सगळे पैसे दे, मग गाडी घेऊन जा.

"अहो, चार टायर घालून देतो ना मी! नवे!" तो एकदम मऊ झाला. "एवढ्या गोष्टीसाठी तमाशा कशाला? आपली घरची माणसं."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, घ्यावेत नवे टायर. शाळा उघडायला आल्या होत्या. दुसरी गाडी शोधायची कधी, गटाचा हप्ता भरायचा कशातून. मी सुनंदाकडे पाहिलं.

"टायर बदलशी," सुनंदा त्याला म्हणाली. "तोंड कसं बदलशी?"

ट्रकवाला जोरात हसला. शिंदखेड्याचा बाप मुलाला म्हणाला, "चल रे," आणि ते दोघं तिथूनच परत फिरले.

एवढ्यात साहेब बाहेर आले. गेटावर गर्दी कसली म्हणून बघायला आले असतील. त्यांनी काच वाचली, वाकले, फुग्यावरच्या लाल तुकड्यावर बोट ठेवलं. मग नंबर पाहिला.

"ही काल मी पास केली होती," ते म्हणाले. "तेव्हा हे टायर नव्हते."

ते आमच्याकडे वळले.

"हे काचेवर कोणी लिहिलं?"

मी हात थोडा वर केला, शाळेत करायचे तसा.

"तक्रार लेखी द्या. हिचा फिटनेसचा कागद रद्द करायला घेतो मी."

"साहेब, मला लिहिता येत नाही नीट," मी म्हटलं.

त्यांनी काचेकडे पाहिलं. "हे येतंय की."

विलासभाऊ मधे पडला. "साहेब, गैरसमज आहे. टायर चोरीला गेले असतील. रस्त्यात कोणी बदलले असतील. बायकांना काय कळतं..."

साहेबांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ते झाडाला टेकवलेल्या टायरांकडे बघत होते. रफिकभाई आपल्या प्रत्येक टायरला आतल्या बाजूने हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका लावतो. भाड्याने दिलेला टायर कोणी बदलून आपला जुना परत करू नये म्हणून. चारी टायरांवर तो ठिपका होता. शेडमध्ये अदलाबदल झाली असती तर तो कोणाला दिसलाच नसता.

साहेब आत गेले, रांगेत. विलासभाऊच्या जीपजवळ थांबले. वाकले. चाकाच्या आत मोबाइलची बॅटरी मारली. मग टेम्पोजवळ गेले.

"रफिक," त्यांनी आतूनच हाक मारली, "हिरवा रंग तुझाच ना रे?"

रफिकभाईने मान खाली घातली.

जीप आणि टेम्पो दोन्ही रांगेतून बाहेर काढले. विलासभाऊला साहेब सर्वांसमोर काय बोलले ते मी लिहीत नाही. त्यांनी एवढं मात्र सांगितलं की आता याच्या नावाने येणारी प्रत्येक गाडी ते स्वतः बघतील, आधी टायरांची आतली बाजू. तक्रार सुनंदाने लिहिली, खाली मी सही केली. व्हॅनच्या कागदावर अजून जुन्या मालकाचंच नाव होतं, ट्रान्सफर व्हायची होती. ते आमच्या पथ्यावर पडलं. सुनंदाच्या नावाने काही चढलं नव्हतं.

त्या दिवशी विलासभाऊने एक लाख दिले. पुढचे साठ देतो म्हणाला.

"देतो म्हणजे कधी?" सुनंदाने विचारलं.

"अहो, विश्वास ठेवा की."

"ठेवला होता ना. त्याच्यावर बसूनच मुक्ताईनगरला जाऊन आले."

गाडी आम्ही तिथेच ठेवली, लिंबाखाली, काचेवरच्या अक्षरांसकट. पूर्ण पैसे आले की अक्षरं काढेन, असं मी त्याला सांगितलं. हे वाक्य मी घरून पाठ करून आले नव्हते. आपोआप आलं. चावी सुनंदाने कमरेला खोचली. दुसरी चावी त्याच्याकडे असणार हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ते रफिकभाईच्या लक्षात आलं. त्याने कोणी न सांगता मागचं एक चाक काढलं, खाली विटा लावल्या आणि चाक आपल्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. "अब ले जाए," एवढंच म्हणाला.

पुढचे दिवस वाईट गेले. विलासभाऊच्या गाड्या माझ्याकडे यायच्या बंद झाल्या, ते ठीकच. पण इतर एजंटसुद्धा तोंड फिरवून पलीकडच्या टपरीवर जाऊ लागले. एकजण मला समजावायला आला. चांगला माणूस आहे, वयाने मोठा, सगळे त्याला नाना म्हणतात. "कमल, जाऊ दे. पैसे येतील हळूहळू. सगळ्यांनाच पोटं आहेत. धंद्यात असं चालतंच."

मला या एका वाक्याचा जेवढा राग येतो तेवढा विलासभाऊचाही येत नाही. चालतंच. कोण चालवतं? आपोआप चालतं का ते? दरवर्षी गाडी तपासायची असा नियम कशाला केला? पास झाल्याचा कागद मिळावा म्हणून नाही. जुन्या गाडीत बसणारं माणूस संध्याकाळी घरी पोचावं म्हणून. आणि यांनी त्याची जत्रा केली. एक दिवस गाडीला चांगले कपडे घालायचे, मुलगी दाखवतात तसं, आणि दुसऱ्या दिवशी चिंध्या. दरवर्षी तपासणी असो की रोज, एका दिवसाचेच टायर असतील तर काय उपयोग? फुगा काय वर्षभर पासिंगच्या तारखेची वाट बघत बसणार आहे?

हे सगळं मी नानांना बोलले नाही. "बघू," एवढंच म्हटलं. बोलता आलं असतं तर लिहिलं कशाला असतं.

सुनंदाचं तर जास्त नुकसान झालं. शाळा उघडली तेव्हा तिच्याकडे गाडी नव्हती. गल्लीतली पोरं दुसऱ्या व्हॅनमध्ये बसली. तिने त्याच व्हॅनवर पगारी ड्रायव्हर म्हणून काम धरलं. स्वतःच्या गाडीची मालकीण व्हायला निघाली होती. एकदा मी फोनवर विचारलं, राग येत नाही का गं? म्हणाली, "येस ना. पण स्टेअरिंगवर बसल्यावर राग खाली ठेवावा लागतो, मागे लेकरं राहतस." आणि रोज सकाळी निघताना ती त्या दुसऱ्याच्या गाडीचे चारी टायर हाताने चाचपून बघते. मालक तिला हसतो. हसू दे.

विलासभाऊला मात्र ती विटांवरची गाडी टोचत होती. गाडी घ्यायला येणारा प्रत्येक माणूस पासिंगच्या मैदानावर येतोच. येणारा काच वाचायचा, खाली वाकायचा आणि विचारायचा, विक्रेता कोण? गेटावरचा चहावाला सांगायचा. त्याला सांगायला मी लावलं नव्हतं. तो आपला उत्साहाने सांगायचा, दरवेळी टायरचा फुगा थोडा मोठा करून. एकदा विलासभाऊने माणूस पाठवला, काच पुसायला. रेडियम पुसून निघत नाही. तो फडकं घासत बसला आणि लोक त्याच्याभोवती जमून आणखी वाचायला लागले.

मग पैसे यायला लागले. आधी वीस हजार, माणसाच्या हातून. मग पंधरा. मग पुन्हा नुसतीच आश्वासनं. मधे एकदा त्याच्या बायकोचा मला फोन आला. ती रडत होती, म्हणाली, आमची बदनामी थांबवा. मला वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही. तरी अक्षरं काढली नाहीत. त्या बाईचं वाईट वाटणं आणि टायरला तार दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रफिकभाई आता टायर भाड्याने देत नाही, असं तो म्हणतो. मी शेडमध्ये जाऊन बघितलेलं नाही. काही एजंट माझ्याकडे परत यायला लागलेत. पलीकडच्या टपरीवरची पट्टी पावसात सुटते, म्हणून. माझ्यावर प्रेम आहे म्हणून नव्हे.

शेवटचे पंचवीस हजार घेऊन विलासभाऊ स्वतः आला. सुनंदाला मी बोलावून घेतलं होतं. गाडीची दुसरी चावीही त्याने दाखवली, म्हणाला, "न्यायची असती तर केव्हाच नेली असती." मग त्याची नजर विटांवर गेली. माझ्याकडे बघून म्हणाला, "झालं समाधान?" मी ब्लेड आणि रॉकेलचं फडकं घेऊन काचेकडे गेले. आधी पैसे, मग अक्षरं, म्हणून नुसती उभी राहिले.

जुनी गाडी घेणाऱ्याला एकच सांगायचं आहे. मुदत तुमची तुम्ही मोजा, विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. आणि पासिंगच्या दिवशी गाडी बघू नका. त्या दिवशी सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. दुसऱ्या दिवशी जा, न सांगता.

सुनंदाने थुंकी लावून एकेक नोट मोजली. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजली. विलासभाऊ घड्याळ बघत होता.

"बठ्ठा शे, अक्का," ती म्हणाली. एक लाख साठ हजार, पूर्ण.